मेंढरांच्या वाटेवरचा दवाखाना

सातारा

पुण्याहून निघताना संपादकांनी एकच प्रश्न बरोबर दिला होता. गावोगाव दवाखाने काढायचे आहेत आणि त्यासाठी शेतसाऱ्यावर जादा पट्टी बसणार आहे. नवा मतदार याला काय म्हणतो?

नवा मतदार म्हणजे कोण, हे सर्वांनाच नवीन होते. पूर्वी ज्याच्याकडे जमीन, घर किंवा शिक्षण होते त्यालाच मत होते. आता सज्ञान झालेल्या प्रत्येकाला मत मिळणार होते, बाईला आणि बाप्याला सारखेच. याद्या तयार होत होत्या. संस्थाने विलीन होऊन वर्ष उलटले होते. जिल्ह्याच्या बोर्डाने एक योजना पुढे मांडली होती ती अशी: काही गावांचा मिळून एक गट करायचा, गटाला एक डॉक्टर, एक नर्स आणि थोड्या खाटा द्यायच्या. जागा आणि भिंती गावाने द्याव्यात, खर्चासाठी पट्टी भरावी. गावसभेने होकार दिला तरच योजना तेथे लागू व्हायची.

चैत्र चालू होता. साताऱ्यात मी एका वकील मित्राच्या घरी उतरलो. गेल्या वर्षीच्या जळिताच्या खुणा त्यांच्या आळीतल्या काही भिंतींवर अजून होत्या. त्याविषयी कोणी आपण होऊन बोलत नव्हते. दुपारी आंब्याची डाळ आणि पन्हे पुढे आले. पुण्यात आम्ही डाळ वाटताना कैरी हात राखून घालतो. साताऱ्याची डाळ दातांना कळते.

वकिलांचे मत तयार होते. "पट्टी बसलीच पाहिजे. मताचा हक्क आला, आता जबाबदारीही येऊ द्या. फुकटच्या औषधाला किंमत राहत नाही."

त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी आळी माई म्हणते, पन्ह्याचा दुसरा पेला ठेवत म्हणाल्या, "म्हणूनच तुमचा खोकला बरा होत नाही वाटतं. वर्षभर औषध सरकारी दवाखान्यातून फुकट आणताय."

"तो विषय वेगळा."

"खोकला तोच आहे."

आळीत आणखी काही घरी गेलो. सर्वांचा योजनेला पाठिंबा होता, आणि पट्टी खेडेगावांवर बसणार हे सर्वांना ठाऊक होते. निघताना वकील म्हणाले, "पूर्वेकडे जाणार असाल तर धनगरांच्या मागे लागू नका. ते घरी असतात कधी? ज्याला पत्ता नाही त्याचं मत कसलं मोजायचं?"

पुढच्या प्रवासात हे वाक्य मला पुष्कळदा आठवले.

कोरेगाव

कोरेगावात बाजाराचा दिवस होता. स्टेशनापासून बाजारापर्यंत घेवड्याची पोती आणि बैलगाड्या एकमेकांना वाट देत नव्हत्या. मी एका झाडाखाली, जिथे जोडे दुरुस्त होत होते, तिथे उभा राहिलो. जोडा दुरुस्त होईपर्यंत माणसाला हलता येत नाही, आणि अडकलेला माणूस बोलतो, हे बातमीदारीत लवकर कळते.

"पट्टी दिऊ की," एका पायात वहाण घातलेला शेतकरी म्हणाला. "पर डॉक्टर मुक्कामी ऱ्हायला पायजे. ऐतवारी यायचं न् सोमवारी जायाचं, आसलं डॉक्टर आमी लय बगितलं. आजार काय टाइमटेबल बगून येतोय व्हय?"

"तुजा येतोय की रं," शेजारचा म्हणाला. "नांगरटीच्या दिवशी बराबर येतोय."

झाडाखाली हशा झाला. थोड्या वेळाने बोलणे पुन्हा मूळ जागी आले. कोरेगावकडच्या बहुतेकांचे म्हणणे हेच निघाले: पैसा जड नाही, पण डॉक्टराने गावात चूल मांडावी. चूल मांडल्याशिवाय माणूस गावाचा होत नाही.

हशा पिकवणाऱ्याचे नाव ज्ञानदेव. त्याने मला आपल्या रानात नेले, कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या रानात बसले आहे असे तो म्हणाला. रान मोकळे होते आणि त्यात मेंढरे बसवली होती. या भागात पीक निघाले की धनगरांचे कळप शेतात बसवतात. लेंड्यांचे खत होते, आणि शेतकरी धनगराला धान्य देतो. कळपाची वाट आणि मुक्कामाची रानेही ठरलेली असतात. ज्ञानदेवाच्या वडिलांच्या रानात या कळपाच्या म्हाताऱ्याचे वडील बसत. दिवाळीनंतर पूर्वेच्या दुष्काळी माळावरून निघायचे, नदीकाठाने फिरायचे, आणि पावसाच्या तोंडावर माघारी जायचे, असा त्यांचा क्रम.

म्हातारा म्हणजे म्हांकाळतात्या. उंच, वाळलेला, खांद्यावर काळे घोंगडे. त्यांची बायको राधाक्का तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. सून तानू पालाच्या सावलीत लोकर निवडत बसली होती. ती गरोदर होती आणि दिवस बरेच गेलेले दिसत होते.

मला बाजरीची भाकरी, मिरचीचा खरडा आणि मेंढीचे दूध मिळाले. हे दूध दाट असते आणि त्याला वास असतो. पहिला घोट मी शिष्टाचाराने घेतला आणि दुसरा आवडीने. मग प्रश्न विचारला.

तात्यांनी उलट मलाच विचारले. म्हणाले, "तुमचं गाव कंचं?"

"पुणे."

"मूळ?"

"वाई."

"म्हंजी गाव वाई, आन् ऱ्हायाला पुण्यात. मग दुखलं खुपलं तर वाईला जाता व्हय?"

मी म्हणालो, "नाही, पुण्यातल्याच डॉक्टरकडे जातो."

"त्यो इचारतो का, गाव कंचं?"

"नाही विचारत."

"आमास्नी इचारत्यात," तात्या म्हणाले आणि चिलीम झाडायला उठले.

पुढचे राधाक्कांनी सांगितले. भाकरी थापता थापता, हात न थांबवता. मागच्या खेपेला तानूला वाटेवरच कळा लागल्या होत्या. शेतकऱ्याची गाडी मागून जवळच्या दवाखान्यात नेली. गाव कोणते ते मी येथे लिहीत नाही. तेथला माणूस नियमाने वागला होता.

"त्यानं इचारलं, गाव कंचं. आमी खरं त्ये सांगितलं. त्यो म्हनला, हितल्या खाटा हितल्या गावांच्या. त्यांनी पैसा भरलाय. तुमी तुमच्या तालुक्याला जावा. आवं, आमचा तालुका कुटं, आन् आमी कुटं. गाडी माघारी वळवली. लिंबाखाली झालं पोर. रडलंच न्हाई."

भाकरी तव्यावर पडली. तानूने मान वर केली नाही.

आता बोर्डाची नवी योजना यावर काय करणार होती, हे मला तेथे बसल्या बसल्या दिसले. प्रत्येक दवाखाना आपल्या गटाचा होणार. खाटेवर पहिला हक्क पट्टी भरणाऱ्या गावांचा. म्हणजे जे एका दवाखान्यात एका माणसाने केले, ते सगळीकडचा कायदा होणार. आणि तानूचे दिवस ज्येष्ठात भरत होते. तेव्हा कळप वाटेवरच असणार होता.

"म्हणजे तुमचा योजनेला विरोध आहे," मी म्हणालो.

"मी काय म्हनलो का?" तात्या म्हणाले. "आमच्या देवाला या. जत्रंच्या दुसऱ्या दिवशी गावसभा हाय, बोर्डाचा सायब यनार हाय. कळपामागं दोन-दोन गडी ठिवून समदी वाडी तितं जमतीया. हितं रानात मी एकलाच काय बोलू? वाडीचं बोलनं वाडीत."

निघताना त्यांनी एक काम सांगितले. मुलगा धोंडीराम कराडकडे लाकडे घ्यायला गेला आहे; भेटला तर त्याला सांगा, सांगलीहून भंडारा आणायला विसरू नको.

कराड आणि मलकापूर

धोंडीराम भेटायला वेळ लागला नाही. मलकापुरात वखारीपुढे एक सर्व्हिस मोटार उभी होती, टपावर सागवानी तुळया बांधल्या होत्या, आणि ड्रायव्हर व एक फौजी बुटातला तरुण यांच्यात वाद चालू होता. ड्रायव्हरचे म्हणणे, तुळया उतरवा. तरुणाचे म्हणणे, हुकूम दाखवा. मोटार आम्हा दोघांना घेऊन सुटली, वळणावर दोरी सैल झाली, आणि तुळया उसाच्या शेतात गेल्या. माझी छत्री त्याच दोरीत अडकवलेली होती.

दुपार तेथेच गेली. अखेर पूर्वेकडे निघालेली एक बैलगाडी मिळाली. तुळया तिच्यावर चढल्या, दोरी घट्ट आवळली, आणि गाडी नजरेआड गेल्यावर कळले की छत्रीही तुळयांबरोबर आवळली गेली आहे.

"वाडीत मिळंल, सायब," धोंडीराम म्हणाला. "आमच्यात पावन्याची वस्तू जात न्हाई. वापरत्यात फकस्त."

आम्ही चहाच्या दुकानात बसलो. भजी गरम होती, तेल कालचे होते. लढाईत तो ब्रह्मदेशात होता, जखमी उचलणाऱ्या तुकडीत. डिस्चार्ज मिळाल्यापासून त्याचे एकच काम चालू होते: आपल्या वाडीत दवाखाना. गावाने जागा दिली, भिंती त्याने पोरांना घेऊन उभ्या केल्या, आता छप्पर घालायचे होते. गावसभेने होकार दिला की डॉक्टर आणि नर्स येणार.

"आणि तानूला? बाळंतपणाला वाडीत नेणार का?" मी विचारले.

"व्हय. आत्ताच न्यायची. दवाखाना हुईल तवा हुईल, पर घर तरी हाय. तात्या आन् आई न्हाई म्हंत्यात. म्हंत्यात, वाडीत दुस्काळ, पानी न्हाई, मानूस न्हाई. वाटंवर निदान गावं हायती." त्याने भजे बाजूला ठेवले. "गावं हायती, पर दारं लावलेली. त्ये कोन बगतंय?"

"वडील सभेत काय म्हणतील?"

"तात्या न्हाई म्हनलं तर वाडी न्हाई म्हनंल. आमच्यात आसंच हाय."

मी त्याला फौजेतल्या दवाखान्याविषयी विचारले. तो खुलला. "आवं, तितं गाव कोन इचारतंय? जखमी मानूस आला, की घ्या. आन् दवाखाना बी जाग्याव नसायचा. पल्टन फुडं गेली की त्यो बी तंबू गुंडाळून मागनं निघायचा."

"पलटणीच्या मागून?"

"मागनं. न्हाईतर उपेग काय त्याचा?"

"वडील तरी दुसरं काय म्हणतात?"

धोंडीरामने माझ्याकडे पाहिले आणि चहाच्या बशीकडे पाहिले. "तात्याला फौज म्हाईत न्हाई," तो म्हणाला. पण बशीतला चहा तसाच ठेवून तो सांगलीच्या मोटारीकडे निघाला.

सांगली

सांगलीत हळदीचा मोसम होता. पेठेत हमालांचे हात, भिंती, बैलांची शिंगे, एका पेढीवरच्या मुनीमजींची टोपी, सगळ्यांवर पिवळी धूळ. धोंडीरामने हळदीच्या दुकानात भंडाऱ्यासाठी गोणभर हळद निवडून घेतली. वास घेऊन, चिमूट बोटात चोळून, हलकी असेल ती नाकारून. दुकानदाराने विचारले, मसाल्याला का देवाला? देवाला म्हटल्यावर त्याने मागच्या पोत्यातून काढली.

सांगलीकरांचे मत साताऱ्याहून वेगळे होते. येथे परवापर्यंत संस्थान होते. विश्रामबागेत कॉलेजजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "आमच्याकडे दवाखाना दरबारचा होता. औषध मागायला गेलं की मिळायचं, पट्टीचं नाव नव्हतं. तुमच्या लोकशाहीत औषधाला वर्गणी आली." शेजारी बसलेले त्यांचे जावई म्हणाले, "मामा, दरबार औषध देत होता तेव्हा सारा कोण भरत होतं?" मामांनी पान लावायला घेतले.

त्याच भागात दवाखाना असलेल्या एका डॉक्टरांना मी योजनेबद्दल विचारले. ते योजनेच्या बाजूचे होते आणि तरीही खरे बोलले. "योजना चांगली आहे. पण ती घरात राहणाऱ्या माणसासाठी आखलेली आहे. नकाशावर गट पाडले की प्रत्येक माणूस कुठल्या तरी गटात बसतो. कळपामागे चालणारा माणूस आठ महिने दुसऱ्याच गटात असतो. माझ्याकडे येतात ते. मी घेतो. पण मी खाजगी. मला विचारणारा कोणी नाही."

"मग उपाय?"

"सभेत सुचवा म्हणावं त्यांना."

"सभेत बोलतील का ते?"

डॉक्टर हसले. "ते लवकर बोलत नाहीत. बोलले की बदलत नाहीत."

थोरली वाडी

सांगलीहून पूर्वेला निघाले की हिरवा रंग टप्प्याटप्प्याने संपतो. आधी ऊस जातो, मग पाटाचे पाणी जाते, मग झाडे विरळ होतात, आणि शेवटी नुसता माळ उरतो. बाभळी, दगड, आणि लांबवर एखादी विहीर, जिच्यावर माणसापेक्षा पाखरे जास्त. मोटार जिथे थांबते तेथून वाडी पायी. नदीकाठच्या गावात पाहुण्याला आधी बसायला सांगतात. येथे आधी पाणी देतात, आणि तांब्या पुढे करणारा माणूस तो रिकामा होईपर्यंत दुसरीकडे पाहतो, म्हणजे पाहुण्याने संकोच करू नये.

जत्रा झाली. ढोलांच्या तालावर पांढऱ्या अंगरख्यातले गडी तासन्‌तास नाचले, भंडारा उधळला, आणि वाडीतली जमीन, माणसे, मेंढरे सगळी एका रंगाची झाली. माझी छत्री मला राधाक्कांच्या दारात मिळाली. तिच्याखाली नुकतीच जन्मलेली दोन कोकरे ठेवली होती. ती मी जत्रा संपेपर्यंत तशीच राहू दिली.

तानू जत्रेला आली नव्हती. धोंडीराम तिला आणायला जाणार होता, त्यावरून बापलेकांत सकाळी बोलणे झाले होते. ठरले ते असे: सभेत काय होते ते पाहून न्यायची की नाही ते ठरवू.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे सभा बसली. पलीकडे धोंडीरामच्या भिंती उभ्या होत्या. तुळया आडव्या पडल्या होत्या. बोर्डाचे इन्स्पेक्टर वेळेवर आले. कोकणातले, मृदू बोलणारे गृहस्थ. उन्हाने लाल झाले होते. त्यांनी योजना वाचली, समजावून सांगितली, कोणाचीही शंका टाळली नाही. मग म्हणाले, "ज्यांना योजना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत."

धोंडीरामने हात वर केला. बाकी कोणी केला नाही.

इन्स्पेक्टरांनी पुन्हा विचारले. वाडी त्यांच्याकडे शांतपणे पाहत राहिली. धोंडीरामचा हात तसाच वर होता. त्याने बापाकडे पाहिले नाही.

"म्हणजे योजना अमान्य," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांना वाईट वाटल्याचे दिसले. त्यांनी कागद गोळा केले. माझाही समज तोच झाला आणि बातमीचे पहिले वाक्य मनात तयार झाले.

"सायब, घाई कशापायी?" तात्या म्हणाले. "अजून इचारलंच न्हाई."

"दोनदा विचारलं."

"हात वर करा म्हनला. आमच्यात हात वर करत न्हाईत. वर केलेला हात खाली बी येतोय. भंडारा उचलत्यात. त्यो खाली ठिवता येत न्हाई."

पुजाऱ्याने देवळातून ताट आणले. ते काय आहे हे मला शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितले. वाडीतला कोणताही करार, सोयरीक, भांडणाची मिटवामिटव या ताटावर होते. ज्याला शब्द द्यायचा असेल त्याने भंडारा मुठीत उचलून कपाळाला लावायचा. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याला वाडीत पाणी नाही. म्हणून कोणी घाईने उचलत नाही, आणि ताट येईपर्यंत कोणी बोलत नाही.

ताट तात्यांपुढे आले. ते हात पुढे करणार तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून राधाक्का पुढे आल्या.

"मत बायकांस्नी बी हाय म्हंत्यात," त्या इन्स्पेक्टरांना म्हणाल्या. "खरं हाय का?"

"खरं आहे, बाई."

"मग ताट हिकडं बी यिऊ द्या."

पुरुषांत कुजबुज झाली. एक तरणा गडी मागून म्हणाला, "आक्का, तुमी कवापासनं कारभारी झाला?"

"तुजा बा जलमला तवा नाळ कुनी कापली रं? तवापासनं."

सभेत सगळे हसले, तो गडी सुद्धा. राधाक्का हसल्या नाहीत. त्या ताटापाशी उभ्या राहिल्या आणि इन्स्पेक्टरांकडे तोंड करून बोलल्या.

"पट्टी दिऊ. छप्पर घालू. म्हातारी मानसं, ल्हान पोरं हितं ऱ्हात्यात, त्यांस्नी दवाखाना पायजेच. पर आमी जितं मेंढरं बसवू, तितल्या दवाखान्यानं आमाला त्या गावचंच समजायचं. गाव कंचं म्हून इचारा, खुशाल इचारा. पर माघारी धाडायचं न्हाई. पट्टी हितं, खाट तितं. आसं आसंल तर भंडारा उचलते."

तात्या म्हणाले, "वाडीचं बोलनं हेच हाय. मी काय येगळं बोलनार नव्हतो. पर तिनं नीट सांगितलं."

इन्स्पेक्टरांनी योजनेचे कागद पुन्हा चाळले. "आई," ते म्हणाले, "हे माझ्या हातात नाही. योजनेत तशी तरतूद नाही. दुसऱ्या गटाच्या दवाखान्यावर मी तुमचा हक्क कसा लिहू?"

"मग ताट जाऊ द्या माघारी," तात्या म्हणाले. पुजारी वळला.

तेव्हा धोंडीरामचा हात खाली आला. सभेत त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. मी पाहत होतो. तो उठून उभ्या भिंतींकडे एकदा बघून म्हणाला, "सायब, ह्या भिंती मी बांदल्यात. त्या पडून ऱ्हाव्यात आसं मला वाटंल का? पर तात्या बराबर बोलत्यात. फौजेत दवाखाना पल्टनीच्या मागनं यायचा. हितं तुमचा मागनं न्हाई आला तरी चालंल. वाटंवर दार तरी उगडं ठेवा. माजं एक पोर दारातनं माघारी गेलंय."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी ही अट सभेची म्हणून लिहितो," ते म्हणाले. "बोर्डापुढे मांडतो. मंजूर होईल असं वचन देऊ शकत नाही. मांडीन, हे वचन देतो."

"देता?" तात्या म्हणाले, आणि ताट त्यांच्यापुढे आले.

"मी सरकारी नोकर आहे हो."

"देव बी सरकारीच हाय. इनाम हाय त्याला."

इन्स्पेक्टरांनी सभेकडे पाहिले, उघड्या भिंतींकडे पाहिले, आणि भंडारा उचलून कपाळाला लावला. मला वाटले होते ताट आता वाडीत फिरेल. ते माझ्यापुढे थांबले.

"आन् तुमी?" तात्या म्हणाले. "ह्ये छापनार?"

मी सांगितले, काय छापायचे ते संपादक ठरवतात.

"त्यो हितं न्हाई. तुमी हाय."

मी भंडारा उचलला. मग ताट वाडीत फिरले. आधी राधाक्का, मग तात्या, मग बाकीचे, बायका आणि पुरुष. कोणी मागे राहिले नाही. हातांवर मोजायची ती मते अशी कपाळांवर मोजली गेली. संध्याकाळी पहिली तुळई वर चढली.

तानूला वाडीत आणायचे नाही, ती वाटेवरच राहील, असे त्याच दिवशी ठरले. ठरवले धोंडीरामने. तात्यांनी त्याच्या पुढ्यात चिलीम सरकवली.

परतल्यावर

राधाक्कांची अट मी होती तशी छापली. संपादकांनी भाषेचे वळण नीट करतो म्हटले. मी नको म्हटले, आणि कारण सांगितले. त्यांनी कपाळाकडे पाहिले, पण तोवर हळद गेली होती.

नवा मतदार काय म्हणतो, या प्रश्नाचे उत्तर साताऱ्यापासून थोरल्या वाडीपर्यंत एकसारखे नव्हते. शहराला पट्टी दुसऱ्याने भरलेली पटते. कोरेगावच्या शेतकऱ्याला डॉक्टर शेजारी हवा आहे. सांगलीला जुने दिवस आठवतात. या सर्वांत ज्यांचे मत मोजू नका असे मला सांगितले होते, त्यांनीच योजना सर्वांत नीट वाचली, असे मी तेव्हा लिहिले आणि आजही लिहितो. बोर्डाचा निर्णय हा मजकूर लिहीपर्यंत झालेला नाही. होईल असे मानायला जागा आहे, कारण ती अट आता इतर वाड्यांच्या सभांतही आली आहे.

ज्येष्ठात दुसऱ्या कामासाठी मला कराडकडे जावे लागले. पावसाचे ढग होते आणि कळप माघारी निघाले होते. एका गावात दवाखान्याबाहेर लिंबाखाली काळे घोंगडे दिसले म्हणून मी मोटार थांबवायला सांगितली.

तात्या चिलीम ओढत बसले होते. मला पाहून त्यांना नवल वाटले नाही.

"कोकनातला सायब हिकडच्या दवाखान्यास्नी सोता सांगून गेला," ते म्हणाले. "कागुद यायचाय अजून. तोंडी सांगितलंय, म्हनला. भंडारा उचललाय म्हनला."

आतून राधाक्का आल्या. दारातल्या कंपाउंडरने काय विचारले ते त्यांनी मला सांगितले. त्याने विचारले, गाव कंचं. त्यांनी थोरली वाडी सांगितले. त्याने विचारले, मुक्काम कुठे. त्यांनी ओढ्यापलीकडचे रान दाखवले, ज्यात मेंढरे बसली होती.

"मग?"

"मग काय. आत या म्हनला."

धोंडीराम घागर घेऊन विहिरीकडून येत होता. नर्सने पाणी तापवायला सांगितले होते. त्याने मला रामराम केला आणि न थांबता आत गेला. आत पोर रडत होते.

तात्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि माझ्या कपाळाला लावला.

"नातू झाला," ते म्हणाले. "ह्यो बी वाटंवरच जलमला. पर छपराखाली."